बेसलाइन कशी घ्यायची आणि कशी सांभाळायची: कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

नव्या प्रोजेक्टवर रुजू झालेल्या माणसाच्या कानावर पहिल्या महिन्यात ‘बेसलाइन’ हा शब्द सारखा पडतो. ‘रिक्वायरमेंट्स बेसलाइन झाल्या’, ‘हे बेसलाइननंतर आलंय, सीआर (बदलाची विनंती) टाका’, ‘युएटीवर (ग्राहकाच्या स्वीकृती-चाचणीच्या सर्व्हरवर) कोणती बेसलाइन आहे?’ ऐकणारा मान डोलावतो आणि मनाशी धरून चालतो की बेसलाइन म्हणजे गिट या कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात मारलेला टॅग, एक नावाची खूण. टॅग हा त्यातला सगळ्यात सोपा भाग, काही सेकंदांत होणारा. त्याआधी काय ठरवायचं, त्यात काय काय धरायचं, ते खरंच धरलं गेलंय हे कसं तपासायचं आणि नंतर त्याला धक्का न लावता काम पुढे कसं न्यायचं, यात खरी मेहनत आहे. ती पायरीपायरीने पाहू.

आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेने १९९० मध्ये काढलेल्या सॉफ्टवेअर परिभाषाकोशात बेसलाइनची व्याख्या आहे आणि तीत तीन अटी आहेत. ती गोष्ट रीतसर तपासून मान्य झालेली असावी. पुढचं काम तिच्यावर उभं राहावं. आणि ती बदलायची तर ठरलेल्या पद्धतीनेच बदलावी. नुसता टॅग मारल्याने यांतली एकही अट आपोआप पुरी होत नाही.

ज्यांच्या घरी शेतीचा सातबारा आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. उताऱ्यावरचं नाव कोणी खोडून बदलत नाही. तलाठी आधी फेरफार नोंदवतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, मगच उतारा बदलतो आणि त्यावर फेरफाराचा क्रमांक राहतो. आज उतारा जसा दिसतो तसा का दिसतो, हे क्रमांक धरून मागे मागे जात शोधता येतं. सॉफ्टवेअरच्या बेसलाइनकडून आपल्याला नेमकं हेच हवं असतं.

पहिली पायरी: आत काय येणार ते ठरवा

समजा, तुमची टीम एका सहकारी पतसंस्थेसाठी कर्जखात्यांचं सॉफ्टवेअर बनवते आणि आवृत्ती २.३.० सोमवारी शाखांमध्ये जाणार आहे. बेसलाइनमध्ये काय येईल? कोड, असं उत्तर लगेच येतं. आता प्रश्न जरा वेगळा विचारा. सहा महिन्यांनी एक सभासद तक्रार घेऊन आला की मार्चमध्ये थकीत हप्त्यावरचं व्याज जास्त लागलं. तर मार्चमध्ये जे चालत होतं ते जसंच्या तसं पुन्हा उभं करायला काय काय लागेल?

कोड लागेलच. पण डेटाबेसची त्या वेळची रचनाही लागेल, म्हणजे ती रचना टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या मायग्रेशन स्क्रिप्ट कितव्या क्रमांकापर्यंत चालल्या होत्या ते. व्याजदराचा तक्ता कोडमध्ये नसून सेटिंगमध्ये असेल तर ती फाइल लागेल. कोणते फीचर फ्लॅग (एखादी सोय चालू-बंद करणारी सेटिंग) चालू होते आणि कोणते बंद, ते लागेल. जावाची किंवा नोडची नेमकी आवृत्ती, बाहेरून घेतलेल्या सगळ्या लायब्ररी, त्या लायब्ररींच्या लायब्ररी, बिल्ड स्क्रिप्ट आणि ज्या कंटेनर इमेजवर (साधनांसकट गोठवलेल्या तयार वातावरणात) बिल्ड झालं ती इमेज लागेल. पावतीचा साचा लागेल, कारण तक्रार बऱ्याचदा पावतीवरच्या आकड्याची असते. दंडव्याज कसं लावायचं हे संस्थेने ज्या दस्तऐवजात मान्य केलं, त्याची ती विशिष्ट आवृत्ती लागेल. नाहीतर आकडा चूक की बरोबर हे कशाशी ताडून ठरवणार? आणि त्या वेळी कोणत्या टेस्ट चालवल्या, निकाल काय आले, तेही लागेल.

या प्रत्येकाला कॉन्फिगरेशन आयटम म्हणतात. यादी किती बारीक असावी यावर नव्या टीममध्ये खूप वेळ जातो. माझ्या मते एकच कसोटी पुरते: जी गोष्ट स्वतंत्रपणे बदलू शकते आणि बदलल्यावर सॉफ्टवेअरची वागणूक बदलते, ती यादीत स्वतंत्रपणे हवी. प्रत्येक सोर्स फाइल वेगळी लिहायची गरज नाही, त्या सगळ्या एका कमिटमध्ये (गिटने नोंदलेल्या कोडच्या एका स्थितीत) बांधलेल्या असतात. पण फीचर फ्लॅगची फाइल रेपोच्या (गिटमधल्या कोडच्या साठ्याच्या) बाहेर, सर्व्हरवर हाताने ठेवलेली असेल, तर तिची नोंद वेगळी हवीच. त्याहून बरं म्हणजे ती रेपोत आणा.

काय घेऊ नये तेही ठरवून टाका. पासवर्ड आणि डिजिटल किल्ल्या कधीही घेऊ नका. त्यांची फक्त नावं आणि त्या कुठून मिळतात एवढंच लिहा. चालू डेटा बेसलाइनमध्ये येत नाही, त्याचा बॅकअप हा वेगळा विषय. कोडमधून पुन्हा तयार होणाऱ्या फाइल्स रेपोत ठेवू नका. मात्र ग्राहकाला पोचलेलं तयार पॅकेज जपून ठेवा आणि त्याचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) नोंदीत लिहा.

बेसलाइन किती प्रकारच्या?

जुन्या पुस्तकांत आणि अमेरिकन संरक्षण खात्याच्या परंपरेत तीन नावं येतात: फंक्शनल, अ‍ॅलोकेटेड आणि प्रॉडक्ट. पूर्ण सिस्टीमने काय करायचं हे पक्कं झालं की पहिली. ते काम कोणत्या भागाने करायचं याची वाटणी पक्की झाली की दुसरी. प्रत्यक्ष बनून, तपासून, हाती द्यायला तयार झालेली वस्तू म्हणजे तिसरी. छोट्या टीमला दोन पुरतात, रिक्वायरमेंटची एक आणि प्रत्येक रिलीजची एक. मोठ्या रिलीजमध्ये टेस्टिंगला देताना मध्ये एखादी घ्यावी.

रिक्वायरमेंटच्या बेसलाइनला कागदी काम समजून सोडून देऊ नका. ४ जून १९९६ ला एरियान ५ हे युरोपचं रॉकेट पहिल्याच उड्डाणात, इंजिन पेटल्यापासून साधारण ४० सेकंदांत नष्ट झालं. त्यातलं दिशा-स्थिती मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ मधून घेतलं होतं आणि त्या रॉकेटवर ते नीट चाललं होतं. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवताना ती मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. चौकशी मंडळाच्या अहवालात आणखी एक गोष्ट नोंदली आहे: एरियान ५ च्या उड्डाणमार्गाची माहिती या यंत्रणेच्या रिक्वायरमेंटमध्ये घ्यायची नाही, असं संबंधितांनी मिळून ठरवलं होतं. कोडची बेसलाइन एका रॉकेटवरून दुसऱ्यावर आली, पण ती ज्या गृहीतकांवर मान्य झाली होती ती नव्या रॉकेटशी ताडून पाहिली गेली नाहीत. जुन्या प्रोजेक्टची बेसलाइन उचलून नवं काम सुरू कराल तेव्हा तिच्यासोबतची रिक्वायरमेंटची बेसलाइन उघडा आणि ओळ न् ओळ विचारा, हे इथे लागू आहे का?

दुसरी पायरी: मान्यता, मग टॅग

क्रम महत्त्वाचा आहे. आधी ज्या कमिटवर बेसलाइन घ्यायची तो ठरवा. त्याच कमिटवर टेस्ट चालवा. निकाल पाहून ज्यांनी मान्यता द्यायची त्यांनी द्यावी. मग त्याच कमिटवर टॅग मारा. टेस्ट एका कमिटवर आणि टॅग त्यानंतरच्या ‘फक्त एक स्पेलिंग दुरुस्त केलं’ अशा कमिटवर, हे अगदी सर्रास होतं. तसं झालं की टेस्टचा अहवाल त्या बेसलाइनचा राहत नाही.

गिटमध्ये टॅग दोन प्रकारचे असतात. हलका टॅग म्हणजे कमिटला दिलेलं नुसतं नाव. कोणी दिलं, कधी दिलं, काही कळत नाही. बेसलाइनसाठी तो वापरू नका. ‘गिट टॅग’ला ‘-ए’ हा पर्याय दिला की नोंदीसह टॅग बनतो: त्यात मारणाऱ्याचं नाव, तारीख आणि संदेश राहतो. ‘-एस’ दिला तर त्यावर डिजिटल सहीही होते. लिनक्स कर्नलच्या प्रत्येक आवृत्तीचा टॅग असा सही केलेला असतो. संदेशात मान्यतेचा संदर्भ, मायग्रेशनचा शेवटचा क्रमांक आणि टेस्ट अहवालाची जागा लिहा.

नवख्यांना हमखास अडवणारी एक गोष्ट: साधं ‘गिट पुश’ केल्याने टॅग सर्व्हरवर जात नाहीत. टॅग त्याच्या नावाने वेगळा पुश करावा लागतो, किंवा ‘फॉलो-टॅग्ज’ हा पर्याय द्यावा लागतो. तोवर तुमची बेसलाइन फक्त तुमच्या लॅपटॉपवर आहे.

आता त्या टॅगला कुलूप लावा. गिटहब आणि गिटलॅब या रेपो ठेवणाऱ्या दोन्ही सेवांवर ठरावीक नमुन्याचे टॅग संरक्षित करता येतात, म्हणजे ते हलवणं किंवा खोडणं सगळ्यांना जमत नाही. गिटऐवजी सबव्हर्जन वापरणाऱ्यांनी अधिक जपावं: तिथे टॅग म्हणजे ‘टॅग्ज’ फोल्डरमधली एक प्रत असते आणि तिच्यात कोणालाही नवीन कमिट करता येतं. प्री-कमिट हुक (कमिट स्वीकारण्याआधी सर्व्हरवर चालणारी स्क्रिप्ट) लिहून ते बंद करता येतं.

कुलूप कशासाठी, याचं ताजं उदाहरण मार्च २०२५ मधलं आहे. टीजे-अ‍ॅक्शन्स या नावाने गिटहबवर असलेली, बदललेल्या फाइल्स शोधून देणारी एक अ‍ॅक्शन (बिल्डमध्ये आपोआप चालणारी तयार पायरी) २३,००० हून अधिक रेपो वापरत होते. हल्लेखोरांनी तिच्या जुन्या आवृत्त्यांचे टॅग एका घातक कमिटकडे वळवले. नाव तेच राहिलं, आतला माल बदलला, आणि बिल्डच्या लॉगमध्ये पासवर्ड-किल्ल्या छापल्या जाऊ लागल्या. ज्यांनी टॅगच्या जागी आधीच्या कमिटचा पूर्ण हॅश (गिटने त्याच्या मजकुरावरून काढलेली ओळख) लिहिला होता त्यांच्याकडे जुनाच कोड चालत राहिला. म्हणून बेसलाइनच्या नोंदीत टॅगच्या नावासोबत ४० अक्षरी पूर्ण हॅश लिहायची सवय लावून घ्या. नाव माणसांसाठी असतं, ओळख हॅशने पटते.

नाव कसं द्यावं यावर फार डोकं लावू नका. मुख्य, उप आणि दुरुस्ती असे तीन आकडे पुरतात. एकदा दिलेलं नाव पुन्हा वापरू नका, ती बेसलाइन बाद झाली तरी. ‘फायनल’, ‘फायनल-नवीन’, ‘प्रॉड-लेटेस्ट’ ही नावं टाळा. ती उद्या दुसऱ्याच गोष्टीला लागू पडतील.

तिसरी पायरी: बाहेरून आलेल्या गोष्टी खिळवा

टॅग तुमचा कोड धरून ठेवतो. तुम्ही न लिहिलेला कोड तो धरत नाही, आणि आजच्या बहुतेक प्रोजेक्टमध्ये तोच जास्त असतो. २२ मार्च २०१६ ला एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या सार्वजनिक साठ्यावरून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड धडाधड पडले. ज्यांचे बिल्ड पडले त्या टीमच्या स्वतःच्या कोडमध्ये एक अक्षरही बदललं नव्हतं. त्यानंतर एनपीएमने पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक केले.

म्हणून लॉक फाइल (प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती नोंदणारी फाइल) रेपोत हवी आणि बिल्ड सर्व्हरवर ती तंतोतंत पाळणारी कमांड हवी. एनपीएममध्ये ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘सीआय’. पायथनमध्ये प्रत्येक लायब्ररीपुढे नेमकी आवृत्ती लिहा. जावासाठी मेव्हन वापरत असाल तर रिलीजच्या बेसलाइनमध्ये एकही ‘स्नॅपशॉट’ आवृत्ती राहू देऊ नका, कारण स्नॅपशॉट उद्या वेगळा असू शकतो. डॉकरच्या बेस इमेजचा उल्लेख ‘लेटेस्ट’ या टॅगने न करता डायजेस्टने, म्हणजे तिच्या हॅशने, करा. आणि शक्य असेल तर वापरलेल्या सगळ्या पॅकेजची प्रत तुमच्या कंपनीच्या अंतर्गत रजिस्ट्रीत ठेवा. मोठी मागणी वाटते खरी, पण पतसंस्थेसारख्या ग्राहकाला वर्षानुवर्षं सेवा द्यायची असेल तर तिला पर्याय नाही.

चौथी पायरी: कोऱ्या मशीनवर उभी करून पाहा

लेखातली एकच पायरी मनापासून करायची असेल तर ही करा. ज्या माणसाने ते बिल्ड केलेलं नाही अशा कोणाला तरी एक कोरी मशीन द्या, टॅगचं नाव द्या आणि बेसलाइनची नोंद द्या. तोंडी काही सांगू नका. त्याने रेपो उतरवून, बिल्ड करून, डेटाबेस उभा करून, टेस्ट चालवून दाखवायच्या.

पहिल्या वेळी तो अडतोच. कुठेतरी एक फाइल कोणाच्या तरी डाउनलोड फोल्डरमधून येत असते. एखादा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सगळ्यांच्या मशीनवर आहे पण कुठेच लिहिलेला नाही, असं निघतं. एखादी मायग्रेशन स्क्रिप्ट हाताने बदललेली निघते. तो जिथे अडला ती प्रत्येक जागा म्हणजे बेसलाइनमधली गळती. ती बुजवा, नोंद सुधारा, गरज पडली तर नवा टॅग घ्या.

तयार झालेलं पॅकेज बाइट न् बाइट जुळेल अशी अपेक्षा मात्र लगेच करू नका. बिल्डच्या वेळेचा शिक्का, फाइल्सचा क्रम, मशीनवरचा फोल्डरचा पत्ता अशा गोष्टी आत जाऊन बसतात आणि फरक पाडतात. डेबियन या लिनक्स प्रकल्पातली मंडळी वर्षानुवर्षं हे फरक एकेक करून काढत आहेत. तुम्ही आधी एवढं साधा: तोच कोड, त्याच लायब्ररी, तेच टेस्ट निकाल.

औपचारिक भाषेत याच्या आसपासच्या तपासणीला दोन नावं आहेत. फंक्शनल ऑडिटमध्ये वस्तू ठरल्याप्रमाणे वागते का ते बघतात; फिजिकल ऑडिटमध्ये कागदावर लिहिलेलं आणि प्रत्यक्ष हातात असलेलं जुळतं का ते. पुण्यात हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत काम करणाऱ्या अनेकांची बेसलाइनशी पहिली भेट सीएमएमआय या, कंपनीच्या कामाच्या पद्धती पातळ्यांवर जोखणाऱ्या मॉडेलच्या तयारीत होते. त्या मॉडेलच्या १.३ आवृत्तीत कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट दुसऱ्या क्रमांकाच्या पातळीवरच येतं आणि त्याचं पहिलं ध्येय बेसलाइन प्रस्थापित करणं हेच आहे. ऑडिटची तारीख आली म्हणून मागच्या रिलीजचे टॅग आता बसून मारू नका. नोंदीसह मारलेल्या टॅगवर आजची तारीख पडते, आणि तो कोणत्या कमिटवर असायला हवा होता हे तोवर कोणाला खात्रीने सांगता येत नाही.

पाचवी पायरी: बदलाची वाट बांधा

बेसलाइन घेतली म्हणजे काम थांबत नाही. कोड फ्रीझ, म्हणजे कोड बदलायला बंदी, काही दिवसांपुरता असतो आणि उठतो. बेसलाइन कायमची असते आणि तिच्या शेजारी नवं काम सुरू राहतं. बदल आला की जुनी बेसलाइन तशीच राहते आणि तिच्यापुढे नवी उभी राहते.

बदलाची विनंती, म्हणजे सीआर, एका पानाची असली तरी चालेल. पण तिच्यात या गोष्टी हव्यात: कोणत्या बेसलाइनवर हा बदल मागितलाय, का, त्याने आणखी कशाकशाला हात लागेल, कोणी मान्य केला, आणि तो कोणत्या नव्या बेसलाइनमध्ये गेला. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त वेळा रिकामी राहते.

मान्यता देणारं मंडळ म्हणजे सीसीबी (चेंज कंट्रोल बोर्ड). ते कसं चालावं यासाठी अपोलो मोहिमेचा दाखला मला फार मोलाचा वाटतो. जानेवारी १९६७ मध्ये अपोलो १ च्या आगीत तीन अंतराळवीर गेले. त्यानंतर यानाची जबाबदारी जॉर्ज लो यांच्याकडे आली आणि त्यांनी बदलांसाठी मंडळ नेमून स्वतः त्याचं अध्यक्षपद सांभाळलं. जून १९६७ ते जुलै १९६९ या काळात मंडळाच्या ९० बैठका झाल्या, १,६९७ बदल त्यांच्यापुढे आले आणि १,३४१ मंजूर झाले. साधारण पाचातला एक बदल मंजूर झाला नाही. बदल खरंच लागतो का, यानाच्या इतर भागांवर, कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर, अंतराळवीरांवर आणि जमिनीवरच्या चाचण्यांवर त्याचा काय परिणाम होईल, असे प्रश्न तिथे विचारले जात. तुमचं मंडळ तिघांचं असेल आणि पंधरा मिनिटं बसत असेल, तरी हेच प्रश्न चालतात. पतसंस्थेच्या उदाहरणात ‘प्रोग्रॅम’च्या जागी ‘पावती’ आणि ‘अंतराळवीर’च्या जागी ‘काउंटरवरचा कर्मचारी’ लिहा.

आता प्रत्यक्ष कोडकडे. प्रॉडक्शनवर २.३.० आहे आणि व्याजाची चूक सापडली. दुरुस्तीची ब्रँच (कोडची वेगळी फांदी) कुठून काढायची? ‘मेन’ या मुख्य ब्रँचवरून नाही, तिथे २.४ चं अर्धवट काम आलेलं असतं. २.३.० च्या टॅगवरून ब्रँच काढा, तेवढीच दुरुस्ती करा, टेस्ट करा आणि २.३.१ चा टॅग मारा. मग तीच दुरुस्ती ‘मेन’वरही गेली याची खात्री करा. हा दुसरा भाग विसरला की २.४ मध्ये तीच चूक परत येते आणि ग्राहकाचा विश्वास जातो.

लिनक्स कर्नलच्या स्टेबल आवृत्त्यांनी हा क्रम उलटा केला आहे आणि मला तो अधिक पसंत आहे. तिथे नियम असा की दुरुस्ती आधी मुख्य झाडात (कर्नलच्या मुख्य रेपोत) गेलेली असली पाहिजे, तरच ती जुन्या स्टेबल आवृत्तीत येते. आणि ती संदर्भाच्या ओळी धरून १०० ओळींहून मोठी नसावी. स्टेबलमधल्या कमिटच्या संदेशात मुख्य झाडातल्या मूळ कमिटचा हॅश लिहिलेला असतो. शिकायचं असेल तर कर्नलचा स्टेबल रेपो उतरवा, कोणतेही लागोपाठचे दोन स्टेबल टॅग घ्या आणि ‘गिट लॉग’ला ते दोन्ही, मध्ये दोन टिंबं देऊन, सांगा. पडद्यावर जे येईल ते बदल-नियंत्रणाचं उत्तम पाठ्यपुस्तक आहे.

तीच कमांड तुमच्या प्रोजेक्टवर चालवा. २.३.० आणि २.३.१ यांच्यामधले सगळे कमिट समोर येतील. प्रत्येकावर सीआरचा क्रमांक आहे का? क्रमांक नसलेला कमिट म्हणजे परवानगीशिवाय आत आलेला बदल. आणि मंजूर होऊनही एकही कमिट नसलेला सीआर म्हणजे ग्राहकाला कबूल केलेलं पण न दिलेलं काम. ही दुतर्फा पडताळणी प्रत्येक रिलीजला करा. स्क्रिप्ट लिहिली तर काही मिनिटांचं काम आहे.

सहावी पायरी: कुठे काय चाललंय, याची नोंद

१ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक गमावले. नवा कोड आठ सर्व्हरवर जायचा होता, सातवर गेला. आठव्यावर २००३ पासून न वापरलेलं ‘पॉवर पेग’ नावाचं जुनं फंक्शन कोडमध्ये तसंच पडून होतं, आणि नव्या कोडने जुनाच फ्लॅग पुन्हा वापरला होता. बाजार उघडला आणि आठवा सर्व्हर धडाधड ऑर्डर सोडू लागला. पुढे एसईसी या अमेरिकन शेअर बाजार नियामकाच्या आदेशात आलं की बाजार उघडण्यापूर्वी या संदर्भातले ९७ स्वयंचलित ईमेल कर्मचाऱ्यांना गेले होते, आणि कोड सगळ्या सर्व्हरवर पोचला का हे दुसऱ्या माणसाने पाहावं असा लेखी नियमच नव्हता. गोंधळ सुरू झाल्यावर टीमने उपाय म्हणून ज्या सात सर्व्हरवर नवा कोड नीट बसला होता तिथून तो काढला, त्यामुळे तेही आठव्यासारखे वागू लागले.

कोणत्या मशीनवर काय आहे हे त्या क्षणी कोणाला सांगता येत असतं तर ते सात सर्व्हर तसेच राहिले असते. तुमच्याकडे याचं उत्तर चटकन मिळायला हवं. बिल्ड करताना ‘गिट डिस्क्राइब’ चालवा. ती जवळचा टॅग, त्यानंतर किती कमिट झाले आणि हॅशची सुरुवातीची अक्षरं एकत्र देते. ‘डर्टी’ हा पर्याय दिला तर कमिट न केलेले बदल होते का तेही सांगते. ही ओळ प्रोग्रॅममध्ये भरा आणि ‘माहिती’च्या पडद्यावर दिसू द्या. शाखेतून फोन आला की पहिला प्रश्न, ‘पडद्यावर कोणता आकडा आहे?’ शिवाय सगळ्या सर्व्हरना हाच प्रश्न विचारून तक्ता बनवणारी एक स्क्रिप्ट ठेवा आणि डिप्लॉय झाल्यावर दर वेळी चालवा. आठपैकी आठ जुळले तरच डिप्लॉय पूर्ण झालं म्हणा.

बेसलाइनची स्वतःची नोंदही याच तक्त्याशेजारी ठेवा: नाव, पूर्ण हॅश, तारीख, मायग्रेशन क्रमांक, साधनांच्या आवृत्त्या, पॅकेजचा चेकसम, टेस्ट अहवाल, मान्यता देणाऱ्याचं नाव, आणि माहीत असूनही राहिलेल्या चुका. ही शेवटची यादी लिहायला टीम कचरतात, पण बेसलाइन निर्दोष असावी अशी अट कुठेच नाही. तिच्यात काय आहे हे ठाऊक असावं, एवढीच अट आहे.

जुन्या प्रोजेक्टवर पहिली बेसलाइन

तुम्ही ज्या प्रोजेक्टवर रुजू झालात तिथे यातलं काहीच नसेल, अशी शक्यता मोठी आहे. तेव्हा ‘मेन’च्या टोकावर एक सुंदर नावाचा टॅग मारून सुरुवात करू नका. ‘मेन’वर जे आहे तेच प्रॉडक्शनवर आहे, याला अजून पुरावा नाही.

परवानगी घेऊन आधी सर्व्हरवर जा. तिथल्या पॅकेजचे आणि सेटिंग फाइल्सचे चेकसम घ्या, डेटाबेसची रचना काढून घ्या, साधनांच्या आवृत्त्या लिहून घ्या. मग रेपोतल्या संशयित कमिटवरून बिल्ड करून तुलना करा. जुळलं तर त्या कमिटवर टॅग मारा. जुळलं नाही, कोणीतरी सर्व्हरवर थेट फाइल बदललेली निघाली, तर ते बदल एका वेगळ्या ब्रँचवर जसेच्या तसे आणा आणि तिच्यावर टॅग मारा; नावातच ‘आढळल्याप्रमाणे’ असं लिहा, म्हणजे ही मान्य झालेली बेसलाइन नसून सापडलेली स्थिती आहे हे पुढच्याला कळेल. व्यवस्थापक आणि ग्राहक दोघांना ती दाखवा आणि इथून पुढचे बदल हिच्यापासून मोजायचे, एवढ्यावर त्यांची लेखी संमती घ्या. पुढची रिलीज याच टॅगशी तुलना करून काढा, आणि फरकाच्या यादीत ज्या ओळींचं कारण टीममधल्या कोणालाच सांगता येत नाही त्यांना हात लावण्याआधी त्यांच्यासाठी टेस्ट लिहा.